सत्तावन्न वर्षं : तंबाखूचा पुरावा आणि तंबाखूचे कायदे

इतिहासाच्या आपल्या या सदरात आज गड-किल्ले नाहीत आणि लढायाही नाहीत. आजच्या गोष्टीची सुरुवात मी माझ्या सुटकेसपासून करतो.

मी २००६ साली पुण्याहून इंग्लंडला आलो. तेव्हापासून घरी जाऊन परत येताना बॅगेत काही गोष्टी ठरलेल्या असायच्या. गोडा मसाला, मेतकूट, आईने बांधून दिलेले लाडू, आणि इथल्या मंडळातल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांसाठी तंबाखूच्या पुड्या. "बाकी काही नको रे, तेवढं आण," असं ते निघायच्या आधी फोनवर सांगायचे. मी आणायचो. वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार?

आता ज्याची लाज वाटते ते सांगतो. माझे सख्खे काका १९९६ साली तोंडाच्या कॅन्सरने गेले. कराडजवळच्या आमच्या गावी त्यांची चंची आणि चुन्याची डबी मी लहानपणापासून बघत आलो होतो. दुकानातून चुना आणायचं काम माझंच असे. मुंबईला उपचारासाठी नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "बार कुठल्या बाजूला धरता?" काकांनी गालावर बोट ठेवलं. गाठ तिथेच होती. हे सगळं मी जवळून पाहिलं होतं. तरीही दहा वर्षांनी मी दुसऱ्या कोणासाठी तीच तंबाखू बॅगेत भरत होतो, आणि स्वतः ऑफिसबाहेर सिगारेट ओढत होतो.

म्हणजे कळण्यात आणि वळण्यात माझी स्वतःची बारा वर्षं गेली. ती कशी, ते शेवटी येईलच. पण एका माणसाला बारा वर्षं लागतात, तर एका देशाला किती लागत असतील? आज तोच हिशोब मांडायचा आहे. आधी आपण राहतो त्या देशाचा, मग आपण आलो त्या महाराष्ट्राचा.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमध्ये सिगारेट चहाइतकी साधी गोष्ट होती. १९४८ साली इथले ८२ टक्के पुरुष कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू ओढत होते. त्याच काळात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू झपाट्याने वाढत होते आणि कारण कळत नव्हतं. मेडिकल रिसर्च कौन्सिलने हे काम दोघांवर सोपवलं. एक ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण पहिल्या महायुद्धात क्षय झाला आणि ते संख्याशास्त्राकडे वळले. दुसरे रिचर्ड डॉल, तरुण डॉक्टर आणि स्वतः सिगारेट ओढणारे. सुरुवातीला त्यांचा संशय सिगारेटवर नव्हता. मोटारींचा धूर आणि रस्त्यावरचं डांबर यांच्यावर होता.

त्यांनी पद्धत साधी ठेवली. लंडनच्या २० हॉस्पिटलांतले फुप्फुसाच्या कॅन्सरचे ७०९ रुग्ण घेतले. प्रत्येक रुग्णामागे त्याच वयोगटातला, शक्यतो त्याच हॉस्पिटलातला, पण दुसऱ्या आजाराचा एक माणूस घेतला. दोघांना तेच प्रश्न विचारले. रुग्णांमधल्या ६४९ पुरुषांत तंबाखू न ओढणारे निघाले फक्त २. तुलनेसाठी घेतलेल्या ६४९ पुरुषांत असे होते २७. आकडे लहान वाटतात, पण जिथे जवळजवळ सगळेच ओढतात तिथे फरक डोळ्यांना दिसत नाही. तो मोजावा लागतो.

एक शंका उरली होती. प्रश्न विचारणाऱ्याला जर माहीत असेल की समोरच्याला कॅन्सर आहे, तर तो मुद्दाम खोदून विचारत असेल का? याचं उत्तर त्यांच्याच कागदांत सापडलं. काही लोकांना आधी फुप्फुसाचा कॅन्सर आहे असं वाटलं होतं आणि त्याच समजुतीने त्यांना प्रश्न विचारले गेले. नंतर निदान चुकीचं निघालं. या लोकांचं सिगारेट ओढणं मोजलं, तर ते कॅन्सरच्या रुग्णांसारखं नव्हतं, इतर रुग्णांसारखं होतं. म्हणजे खोट विचारणाऱ्यात नव्हती. काम पुरं व्हायच्या आधीच डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली.

३० सप्टेंबर १९५० रोजी हा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्याच वर्षी अमेरिकेत अर्न्स्ट वाइंडर आणि इव्हार्ट्स ग्रॅहम यांनीही तेच दाखवून दिलं होतं. ग्रॅहम फुप्फुसाचे नामांकित सर्जन आणि भरपूर सिगारेट ओढणारे. पुढे त्यांनी सिगारेट सोडली, पण १९५७ साली फुप्फुसाच्या कॅन्सरनेच ते गेले.

हॉस्पिटलातले रुग्ण म्हणजे सगळा समाज नव्हे, असा आक्षेप आला. मग डॉल आणि हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या सगळ्या डॉक्टरांनाच पत्र पाठवलं. तुम्ही ओढता का, किती, कधीपासून, एवढंच विचारलं. सुमारे ४० हजार डॉक्टरांनी उत्तर दिलं. पुढे त्यातलं कोण कशाने जातं याची नोंद ठेवायची, एवढंच काम. १९५४ च्या पहिल्या अहवालापर्यंत फुप्फुसाच्या कॅन्सरचे ३६ मृत्यू झाले होते. त्यात तंबाखू न ओढणारा एकही नव्हता.

आता पुरावा होता. पुढे काय झालं? १२ फेब्रुवारी १९५४ रोजी आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं की सिगारेटचा आणि या कॅन्सरचा संबंध असल्याचं आता मानावं लागेल. ते हे सांगत असताना एकामागून एक सिगारेट ओढत होते.

हसू येतं, पण मला त्यात आपलं सगळ्यांचं चित्र दिसतं. मंत्र्यांना कळलं होतं. सरकारलाही कळलं होतं. पण तिजोरीत तंबाखूच्या कराचा वाटा मोठा होता, मतदारांत सिगारेट ओढणाऱ्यांची संख्या मोठी होती, आणि 'लोकांना माहिती द्या, बाकी ज्याचं त्याने ठरवावं' ही भूमिका सोयीची होती. त्यात तिकडे शंका विकत मिळू लागली. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत एक पानभर निवेदन छापलं. लोकांचं आरोग्य आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं, आम्ही संशोधनाला मदत करू, पण अजून काही सिद्ध झालेलं नाही, असा त्याचा सूर. पुढे कोर्टकचेऱ्यांत या कंपन्यांचे आतले कागद बाहेर आले. त्यात १९६९ सालची एका कंपनीची टिपणी आहे. आपण जो माल विकतो तो म्हणजे शंका, असं तिथे सरळ लिहिलेलं आहे.

शंका घेणारे सगळेच पैशासाठी बोलत होते असंही नाही. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणारे रोनाल्ड फिशर यांनी १९५० च्या दशकात डॉल आणि हिल यांना जाहीर विरोध केला. सिगारेटची ओढ आणि कॅन्सर या दोन्हींच्या मुळाशी एकच आनुवंशिक कारण असेल, असं त्यांचं म्हणणं. माणूस अत्यंत बुद्धिमान, हयातभर पाइप ओढणारा, आणि त्या वेळी तंबाखू उत्पादकांच्या समितीचा सल्लागार. मोठा माणूस मोठी चूक करू शकतो, आणि ती चूक इतरांना हवी असेल तर फार काळ टिकते.

७ मार्च १९६२ रोजी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 'स्मोकिंग अँड हेल्थ' हा अहवाल काढला. त्यात काय करावं याची यादी होती. जाहिरातींवर बंधन, सार्वजनिक जागी धूम्रपानावर बंधन, सिगारेटवर जास्त कर, लोकांना माहिती, सोडू पाहणाऱ्यांना मदत. आज जगभर ज्या उपायांची नावं घेतात, ते जवळजवळ सगळे त्या यादीत होते. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा प्रसिद्ध अहवाल त्यानंतर, ११ जानेवारी १९६४ रोजी आला. ब्रिटनमध्ये १९६५ साली सिगारेटच्या जाहिराती टीव्हीवरून गेल्या. १९७१ साली पाकिटावर इशारा आला, तोही कायद्याने नाही, कंपन्यांशी समझोता करून.

यादी १९६२ ची. मग बाकीचं व्हायला आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षं का लागली?

मी आयटीत सल्लागार आहे. आमच्या धंद्यात नवखा माणूस समजतो की बिघाडाचं कारण सापडलं की काम झालं. जुना माणूस जाणतो की खरा वाद त्यानंतर सुरू होतो. दुरुस्ती चालेल कशावरून? तिने दुसरं काही बिघडणार नाही कशावरून? खर्च कोण करणार? तंबाखूच्या इतिहासात हेच झालं. सिगारेटने माणूस मरतो हा एक पुरावा. अमुक कायदा केला की माणसं वाचतात हा दुसरा, वेगळा पुरावा. पहिला १९५० मध्ये हाती आला. दुसरा एकेका उपायासाठी वेगळा, पुन्हा पहिल्यापासून गोळा करावा लागला.

आधी जाहिरातीचं बघा. टीव्हीवरून सिगारेट गेली आणि क्रिकेटमध्ये आली. इथल्या कौंटी क्रिकेटची रविवारची स्पर्धा १९६९ पासून जॉन प्लेयरच्या नावाने, आणि १९७२ पासून बेन्सन अँड हेजेस कप. दोन्ही सिगारेटचीच नावं. आपल्याकडे १९९६ चा वर्ल्ड कप विल्सच्या नावाचा होता. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि त्या स्पर्धेचा लोगो मला आजही काढून दाखवता येईल. जाहिरात अर्धीच बंद केली की पैसा उरलेल्या अर्ध्यात जातो, हा त्यातून मिळालेला धडा. इथे सर्व प्रकारच्या जाहिराती आणि प्रायोजन बंद करणारा कायदा २००२ साली झाला.

दुसरं किमतीचं. कर वाढवला तर लोक कमी ओढतील का, की घरखर्चाला कात्री लावून तेवढंच ओढतील? अनेक देशांच्या आकड्यांवरून वर्ल्ड बँकेने १९९९ साली अंदाज मांडला. किंमत १० टक्क्यांनी वाढली, तर श्रीमंत देशांत मागणी सुमारे ४ टक्क्यांनी आणि गरीब व मध्यम देशांत सुमारे ८ टक्क्यांनी घटते. शिवाय सरकारचं उत्पन्न बुडत नाही, वाढतं, कारण मागणी किमतीपेक्षा हळू घटते. ज्या तिजोरीच्या भीतीने १९५४ मध्ये पाऊल अडलं होतं, तिचा प्रश्न असा सुटला. ब्रिटनने तर १९९३ पासून काही वर्षं दरवर्षी महागाईपेक्षा जास्त दराने हा कर वाढवला.

तिसरं दुसऱ्याच्या धुराचं. 'माझं शरीर, माझी मर्जी' या युक्तिवादाला खरं उत्तर जपानमधून मिळालं. ताकेशी हिरायामा यांनी स्वतः न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षं नोंद ठेवली. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त, असं १९८१ साली त्यांनी छापलं. इथून प्रश्न बदलला. ओढणाऱ्याच्या हक्काबरोबर आता शेजारी बसलेल्याचाही हक्क आला. पबमध्ये काम करणाऱ्या मुलीचा आला.

२००४ च्या मार्चमध्ये आयर्लंडने पब आणि ऑफिसं धूरमुक्त केली. स्कॉटलंडने २६ मार्च २००६ रोजी. इंग्लंडमध्ये आधी सरकारचा बेत वेगळा होता. जेवण न देणारे पब आणि खासगी क्लब वगळायचे होते. पण १४ फेब्रुवारी २००६ रोजी खासदारांनी पक्षादेशाशिवाय मतदान केलं आणि क्लबांनाही सूट न देणारी पूर्ण बंदी ३८४ विरुद्ध १८४ मतांनी निवडली. १ जुलै २००७ रोजी, रविवारी, ती लागू झाली.

तो आठवडा मला नीट आठवतो. सोमवारी आम्ही चार जण ऑफिसच्या मागच्या दारी पावसात उभे होतो. संध्याकाळी पबमध्ये गेलो, तर पहिल्यांदाच कपड्यांना वास न लागता घरी आलो. बायको म्हणाली, "आज गेला नव्हतास वाटतं." आमच्यातल्या एकाने पैज लावली होती की दिवाळीपर्यंत हा कायदा गुंडाळतील. मीही त्याच्या बाजूने होतो. दोघांचीही पैज गेली.

त्यानंतर जे झालं ते मला या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. कायदा करून लोक थांबले नाहीत, त्याचा परिणाम मोजत राहिले. स्कॉटलंडच्या नऊ हॉस्पिटलांत, कायद्याच्या आधी आणि नंतर, हृदयविकाराचा तीव्र झटका येऊन दाखल होणाऱ्यांची नोंद जिल पेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठेवली होती. २००८ साली निष्कर्ष आला. अशा रुग्णांत १७ टक्के घट. त्याच काळात कायदा अजून न आलेल्या इंग्लंडमधली घट होती ४ टक्के. पुढे इंग्लंडचा अभ्यास २०१० मध्ये आला. तिथे घट लहान निघाली, २.४ टक्के, पण तीही पहिल्या वर्षात सुमारे १,२०० रुग्ण कमी एवढी. दोन आकडे वेगळे आहेत आणि दोन्ही जसेच्या तसे छापले गेले. पुराव्यावर भरवसा बसतो तो यामुळे.

चौथं सोडण्यासाठी मदत. १९९८ च्या सरकारी श्वेतपत्रिकेनंतर एनएचएसने सिगारेट सोडवण्याच्या सेवा उभ्या केल्या. निकोटीनचे पॅच किंवा गम वापरले तर सोडण्यात यश येण्याची शक्यता सुमारे दीडपट होते, हे अनेक चाचण्यांतून दिसलेलं आहे. २००८ साली मी घराजवळच्या औषधांच्या दुकानात जाऊन नाव नोंदवलं. दर आठवड्याला एक बाई मला एका नळीत फुंकायला लावायच्या आणि श्वासातला कार्बन मोनॉक्साइड दाखवायच्या. आकडा उतरताना बघून जो हुरूप यायचा, तो कुठल्या उपदेशाने आला नव्हता. तेव्हा मी तीस वर्षांचा होतो.

तीस हे वय मुद्दाम सांगतो. १९५१ साली ज्या डॉक्टरांना पत्र गेलं होतं, त्यांची नोंद डॉल पन्नास वर्षं ठेवत राहिले. वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, २००४ साली, त्यांनी रिचर्ड पीटो आणि इतर सहकाऱ्यांबरोबर शेवटचा हिशोब मांडला. आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरी १० वर्षं आधी जातो. साठाव्या वर्षी सोडली तर त्यातली ३ वर्षं परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९, आणि तिसाव्या वर्षी सोडली तर जवळजवळ सगळी १०. ऐकणाऱ्यांपैकी ज्याला जे वय लागू असेल त्याने तो आकडा आपल्यासाठी घ्यावा.

एकूण फळ काय? १९७४ साली ब्रिटनमध्ये प्रौढांपैकी सुमारे ४५ टक्के सिगारेट ओढत. २०२३ साली ते प्रमाण ११.९ टक्के होतं. आणि पहिल्या पक्क्या पुराव्यापासून इंग्लंड धूरमुक्त होईपर्यंत, १९५० ते २००७, गेली सत्तावन्न वर्षं.

आता महाराष्ट्राकडे वळू. आपल्याकडची गोष्ट वेगळी, कारण आपल्याकडे तंबाखू ओढतात कमी आणि खातात जास्त. चुना लावून मळलेली, पानातली, दातांना घासायची मिश्री, आणि नंतर आलेला गुटखा. राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१६-१७ साली महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या लोकांत धूम्रपान करणारे होते ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. जवळजवळ चारांत एक.

मग या तंबाखूवर कोणी पुरावा गोळा केला नव्हता का? केला होता, आणि फार लवकर केला होता. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी लंडन विद्यापीठातून १९२३ साली एम.डी. केलेलं. भारतातल्या कॅन्सर संशोधनाचा पाया त्यांनी घातला. १९५५ साली एल. डी. संघवी, के. सी. राव आणि खानोलकर यांचा निबंध त्याच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, ज्यात पाच वर्षांपूर्वी डॉल आणि हिल यांचा आला होता. तंबाखू खाणं आणि ओढणं या दोन्हींचा तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरशी संबंध त्यांनी आकड्यांनी दाखवला. पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधल्या फली मेहता यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडूतांच्या तोंडांची तपासणी केली. १९७२ साली ती छापून आली.

दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे उपायाचा पुरावाही याच गटाने दिला. मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या खेड्यांतले तंबाखू वापरणारे ३६ हजार लोक निवडले. दरवर्षी त्यांच्या घरी जायचं, तोंड तपासायचं, तंबाखूने काय होतं ते समजावून सांगायचं. तुलनेला त्याच भागांतल्या आधीच्या पाहणीतले लोक होते. पाच वर्षांनी दिसलं की समजावलेल्यांपैकी जास्त लोकांनी सवय सोडली किंवा कमी केली, आणि तोंडात पांढरे चट्टे येण्याचं प्रमाणही उतरलं. हे चट्टे पुढे कॅन्सर होऊ शकतात. लॅन्सेटने हे १९८६ साली छापलं. तेव्हा गुटख्याच्या पुडीचा बाजार आपल्याकडे नुकता फोफावू लागला होता.

पुरावा हाती असूनही कायदा मागे राहिला. वेगळा मार्ग दिसला तो गोव्यात. तिथले सर्जन शरद वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिगारेट कंपनीने प्रायोजित केलेल्या क्रिकेट मालिकेनंतर शाळकरी मुलांची पाहणी केली. सामने पाहिलेल्या मुलांत तंबाखू चाखून बघण्याचं प्रमाण जास्त होतं. हे १९९६ साली छापून आलं. १९९७ साली गोव्याने धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदीचा कायदा केला आणि त्यामागे वैद्य यांची चिकाटी होती. तिथे पुरावा आणि कायदा यांच्यामध्ये दशकं गेली नाहीत, कारण आकडे गोळा करणारे स्वतःच ते घेऊन लोकांच्या आणि आमदारांच्या दारी गेले.

मुंबईचे माजी महापौर आणि खासदार मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई केली. २००३ साली देशाचा तंबाखू कायदा आला. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली होती, पण राज्याच्या अन्न अधिकाऱ्यांना तसा अधिकार नाही म्हणून ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत एक ओळ आली की कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन असता कामा नये. त्या ओळीच्या आधारे २०१२ च्या जुलैमध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी घातली.

१९५५ ते २०१२. पुन्हा सत्तावन्न वर्षं. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून नियम काढू नका. पण मला तो आकडा दिसला तेव्हा मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो होतो. काकांनी पहिला बार भरला तो या सत्तावन्न वर्षांच्या सुरुवातीला, आणि ते गेले तेव्हाही ती संपायला सोळा वर्षं बाकी होती.

बंदीनंतर बाजाराने काय केलं ते गावी गेल्यावर तुम्हीही पाहिलं असेल. पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, दोन्ही एकाच दोरीला लटकलेल्या. गिऱ्हाईक घेतं आणि तळहातावर एकत्र करतं. अर्धी बंद केलेली जाहिरात क्रिकेटमध्ये गेली, तसाच हा प्रकार. २००९-१० मध्ये महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू खाणारे २७.६ टक्के होते, ते सात वर्षांत २४.४ वर आले. उतार आहे, पण इथल्या सिगारेटच्या उतारासारखा नाही. आणि सोडू पाहणाऱ्या खेडूताला माझ्यासारखी दर आठवड्याला भेटणारी बाई गावात कुठे मिळते?

आणि इथे, या देशात? युरोपने १९९२ साली तोंडात धरून चोखायच्या तंबाखूवर बंदी घातली, पण चघळायची तंबाखू तीतून वगळली. म्हणून आपल्या वस्तीतल्या दुकानांत ती मिळत राहिली. नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ अँड केअर एक्सलन्स ही इथली संस्था, तिने २०१२ च्या सप्टेंबरमध्ये खास दक्षिण आशियाई समाजासाठी मार्गदर्शन काढलं. त्यातली एक शिफारस अगदी साधी होती. डॉक्टरांनी आणि दातांच्या डॉक्टरांनी रुग्णाला विचारावं की तुम्ही तंबाखू खाता का, आणि उत्तर नोंदवून ठेवावं.

आता सुरुवातीच्या स्नेह्यांकडे येतो. २००८ साली माझी सिगारेट सुटली आणि त्या वर्षी मी पुड्या आणल्या नाहीत. काकांची हकीकत सांगितली. ते चिडले. दोन महिने बोलले नाहीत. दुसऱ्या कोणाकडून तरी मागवत राहिले. त्यांच्या दवाखान्याच्या कागदांवर मात्र ते निर्व्यसनी होते, कारण फॉर्मवर प्रश्न एकच असायचा, 'धूम्रपान करता का?' त्यांचं उत्तर 'नाही'. ते खरंही होतं.

२०१३ साली दाताच्या दुखण्यासाठी ते गेले असता तिथल्या तरुण डॉक्टरणीने विचारलं, "काका, काही चघळता का?" मग ओठ बाजूला करून आत बघितलं. पांढरा चट्टा होता. कॅन्सर नव्हता. तिने त्यांना सोडवण्याच्या सेवेकडे पाठवलं. दोनदा सुटली, दोनदा लागली, तिसऱ्यांदा सुटली ती कायमची. आज ते एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत आणि हा कार्यक्रम ऐकतात. त्यांना विचारूनच ही गोष्ट सांगितली आहे. त्यांचं म्हणणं, "तू आणणं बंद केलंस म्हणून नाही सोडली. तिने विचारलं म्हणून सोडली." मला ते मान्य आहे. छत्तीस हजार लोकांच्या दारी जाऊन त्या मंडळींनी १९८६ साली हेच दाखवून दिलं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे किंवा दातांच्या डॉक्टरांकडे जाल आणि घरात कोणी तंबाखू, मिश्री किंवा मावा खात असेल, तर प्रश्नाची वाट बघू नका. आपणहून सांगा. सोडवण्याची मदत मिळते, ती खाणाऱ्यांनाही मिळू शकते, मागावी लागते. आणि सुट्टीवरून परत येताना कोणी फोन करून "तेवढं आण" म्हणालं, तर लाडू आणा.